मास्क, श्वास आणि अंगमेहनत

(वर्षावासातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारले, "भाऊ, करोना गेला, मास्कची सक्ती उठली. आता हा विषय कशाला?" प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ पासून उठली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु सक्ती उठली म्हणून मास्क गेला असे झालेले नाही. विहारासमोरच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले काळे, झडपा बसवलेले मास्क लावून धावतात. हिवाळ्यातल्या धुरकट हवेत फिरायला निघणारे आपले ज्येष्ठ मास्क लावतात. रस्ता झाडणाऱ्या मावश्या, कचऱ्याच्या गाडीवरचे भाऊ, सिमेंटच्या गोणी वाहणारे मजूर, या सर्वांच्या तोंडावर काही ना काही बांधलेले असते. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. नाकातोंडावर आवरण आहे आणि त्याच वेळी शरीराला श्रम आहेत. अशा वेळी श्वासाचे आणि शरीराचे काय होते, एवढाच माझा आजचा विषय आहे. तो मी का निवडला, त्याला एक कारण घडले. ते शेवटी सांगेन.

मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि शिक्षण कला शाखेचे आहे. परंतु २०२० साली सगळे बंद असताना बँका चालू होत्या, आणि आम्ही दिवसभर मास्क लावून काऊंटरवर बसत होतो. बसलेले असताना काही वाटत नसे. मात्र नोंदवह्या घेऊन वरच्या मजल्यावर गेलो की धाप लागायची, चष्म्यावर वाफ धरायची आणि मनात यायचे, आपल्याला हवा कमी पडते आहे. त्याच सुमारास मोबाईलवर संदेश फिरत होते, की मास्कमुळे रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदूवर परिणाम होतो. दुसरीकडे काही जण सांगत, की मास्कने काहीही होत नाही, सगळे मनाचे खेळ आहेत. तथागतांनी कालामांना उपदेश केला, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. आपण त्या वाटेने जाणारी माणसे. म्हणून मी जमेल तेवढे वाचले, जाणकार डॉक्टरांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम श्वासाचा जमाखर्च पाहू. आपण जी हवा आत घेतो तिच्यात सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, अगदी नगण्य, सुमारे ०.०४ टक्के असतो. आपण जी हवा बाहेर सोडतो तिच्यात प्राणवायू सुमारे १६ टक्के उरतो आणि कर्बवायू सुमारे ४ टक्के होतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो, प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर. म्हणजे मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा. तोच माणूस जीव तोडून धावू लागला की हीच हवा मिनिटाला शंभर लिटरपर्यंत आणि त्याहीवर जाते. दहा-बारा पटींचा हा फरक ध्यानात ठेवा. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

आमच्या बँकेच्या दाराची एक फळी कधीकधी बंद असते. महिन्याच्या मधल्या एखाद्या दिवशी ती बंद आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु पगाराच्या दिवशी त्याच दारात रेटारेटी होते. दार तेच असते, ये-जा वाढलेली असते. मास्कचे तसेच आहे. बसलेल्या माणसाला तो जाणवत नाही, धावणाऱ्याला जाणवतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मास्क प्राणवायू अडवतो काय? नाही. प्राणवायूचा एक रेणू सुमारे ०.३ नॅनोमीटर एवढा असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एन-९५ मास्कची परीक्षा ज्या कणांवर होते ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात, म्हणजे प्राणवायूच्या रेणूपेक्षा सुमारे हजार पट मोठे. त्या कणांपैकी किमान ९५ टक्के हा मास्क अडवतो. तो चाळणीसारखा अडवत नाही. त्याचे बारीक धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांच्यावर विजेचा भार असतो. कण धाग्यांवर आपटतात, ओढले जातात आणि चिकटतात. वायूचे रेणू मात्र सरळ आरपार जातात. मच्छरदाणीत डास येत नाही, वारा येतो. तसेच हे. धूळ अडते, वायू अडत नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, कारण भाषणाच्या शेवटी मी त्याच वाक्याकडे परत येणार आहे.

मास्क मुळात त्यासाठीच पुढे आला. १९१०-११ साली मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची भीषण साथ आली. पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-तेह हे तरुण डॉक्टर तेथे नेमले गेले. हा प्लेग श्वासावाटे, तुषारांवाटे पसरतो असे त्यांनी ओळखले आणि कापूस व जाळीदार कापडाचा मास्क लावायला सांगितले. डॉ. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना ते पटले नाही. ते मास्क न लावता रुग्णांजवळ गेले, आणि काही दिवसांत त्याच प्लेगने वारले. श्वासातून येणारा कण अडवणे हे मास्कचे काम आहे. ते काम तो शंभराहून अधिक वर्षे करत आला आहे.

मग प्राणवायू अडत नाही, तर धाप का लागते? याची कारणे चार आहेत.

पहिले, ओढ. कापडातून हवा खेचायला छातीच्या आणि पोटाच्या स्नायूंना जास्त जोर करावा लागतो. मिनिटाला ८ लिटर खेचताना तो जोर किरकोळ असतो, ८० लिटर खेचताना तो चांगलाच जाणवतो. दुसरे, मास्कच्या आत उरलेली थोडी उच्छ्वासाची हवा पुन्हा आत जाते. तिच्यात कर्बवायू असतो. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो प्रामुख्याने कर्बवायू वाढल्यामुळे, प्राणवायू घटल्यामुळे नव्हे. म्हणून रक्तात प्राणवायू पुरेसा असतानाही हवा कमी पडते असे वाटू शकते. तिसरे, उष्णता. व्यायामात शरीर तापते. चेहरा हा उष्णता बाहेर टाकण्याचा एक मार्ग आहे आणि तोच आपण झाकलेला असतो. आतली हवा गरम आणि दमट होते. चौथे, घाम. घामाने आणि वाफेने मास्क ओला झाला की तो तोंडाला चिकटतो आणि हवा आणखी अडते. कोरड्या मास्कने जेवढा त्रास होतो त्याहून ओल्याने जास्त होतो.

यावर प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष सगळे एकसारखे नाहीत हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२० साली कॅनडातील सॅस्कॅचेवान विद्यापीठात १४ निरोगी माणसांना मास्कशिवाय, शस्त्रक्रियेचा मास्क लावून आणि कापडी मास्क लावून, दमेपर्यंत सायकल चालवायला लावले. त्यांच्या कामगिरीत किंवा रक्तातल्या प्राणवायूत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्याच वर्षी जर्मनीतील लाइपझिग येथे १२ निरोगी पुरुषांवर चाचणी झाली. तेथे शेवटच्या मर्यादेपर्यंत श्रम करताना साध्या मास्कने शक्ती थोडी घटली आणि एन-९५ सारख्या जाड मास्कने अधिक घटली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील टेक्ससच्या प्रयोगात कापडी मास्क लावून पट्ट्यावर धावणारे तरुण मास्कविना धावण्याच्या मानाने सुमारे १४ टक्के लवकर थांबले. गुदमरल्यासारखे वाटले, असे त्यांनी सांगितले.

या सर्वांतून मला समजलेले सार असे. निरोगी माणसाने मास्क लावून चालणे, हलके काम करणे यात धोका नाही. अगदी शेवटच्या दमापर्यंत श्रम केले, मास्क जाड असला किंवा ओला झाला, तर त्रास खरा आहे. तो मनाचा खेळ नाही. ज्यांना दमा, हृदयविकार, फुफ्फुसाचा जुना आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मास्क लावून व्यायाम करू नये.

म्हणूनच करोनाच्या ऐन भरात, जून २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने व्यायाम करताना मास्क लावू नये, त्याऐवजी एकमेकांपासून अंतर ठेवावे, असे सांगितले होते. आपल्या केंद्र सरकारने ३ ऑगस्ट २०२० रोजी व्यायामशाळांसाठी जे नियम काढले त्यांतही आवारात मास्क आवश्यक होता, पण प्रत्यक्ष व्यायाम करताना, विशेषतः एन-९५ ने, श्वासास त्रास होऊ शकतो असे नमूद केले होते.

आता माझ्या तरुण मित्रांशी दोन शब्द. भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. तो काळा, झडपेचा मास्क लावला की डोंगरावर सराव केल्यासारखे होते, असे तुम्हाला दुकानदाराने सांगितले आहे. ते खरे नाही. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथेही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणून दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो. महिनोन्महिने तेथे राहिले की शरीर त्याला सरावते, रक्त बदलते. तुमचा मास्क हवेचा दाब बदलत नाही. तो फक्त हवेची वाट अरुंद करतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवडे असा मास्क लावून सराव केलेल्यांच्या रक्तात उंचीवर होतो तसा बदल आढळला नाही. श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम मिळतो, एवढेच. उलट मास्कमुळे तुमचा सरावाचा वेग कमी होतो, आणि भरतीत गुण वेगाला असतात. त्या पैशात शेंगदाणे, गूळ, अंडी आणा, बाळांनो.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या मैदानावर एक मुलगा चक्कर येऊन खाली बसला. मित्र धावले, कोणी पाणी ओतले, कोणी तळपाय चोळले. मास्क मात्र तोंडावर तसाच होता. तेथे फिरायला आलेल्या एका आजींनी तो ओढून काढला. तो मुलगा सुखरूप आहे. परंतु हे विसरू नका, की जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले आणि त्यांतले काही दगावले. त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता. नुसती उष्णता आणि श्रम एवढे करू शकतात, तर त्यात मुद्दाम अडथळ्याची भर कशाला घालायची? मोकळ्या मैदानात मास्क न लावता धावा. चक्कर, छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तत्काळ थांबा, सावलीत जा, आणि मास्क असेल तर तो सर्वांआधी काढा.

ज्येष्ठांना एक सोपी कसोटी सांगतो. धुरामुळे किंवा धुळीमुळे मास्क लावून फिरत असाल, तर चालता चालता त्रिशरण म्हणून पाहा. शब्द न तुटता म्हणता आले तर चाल ठीक आहे. मध्येच दम लागला तर गती कमी करा. हवा फारच खराब असेल त्या दिवशी रस्त्यावर जोरात चालू नका, विहारात बसून आनापान करा.

आता अशा लोकांविषयी बोलायचे आहे ज्यांना 'मास्क काढून व्यायाम करा' असे सांगून भागत नाही. रस्ता झाडणारी बाई व्यायाम करत नसते, ती पोट भरण्यासाठी राबत असते. तिचे श्रम धावणाऱ्या मुलापेक्षा कमी नाहीत, आणि ते तास दोन तास नव्हे, रोज आणि वर्षानुवर्षे चालतात. तिने मास्क काढला तर धूळ फुफ्फुसात, लावला तर दम. दगडखाणीत आणि खडी फोडण्याच्या कामात तर दगडाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. म्हणून या ठिकाणी मास्क हवाच. पदर किंवा ओढणी पुरत नाही, बारीक धूळ त्यातून जाते. परंतु मास्क देऊन मालकाची जबाबदारी संपत नाही. मास्क घामाने भिजला की बदलायला दुसरा कोरडा मास्क हवा. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडून धूळ बसवायला हवी. मास्क लावून तेवढेच काम तेवढ्याच वेगाने होणार नाही, म्हणून मधूनमधून सावलीत बसायला, मास्क उतरवून पाणी प्यायला वेळ हवा. 'मास्क लावला की दम लागतो' असे मावशी म्हणाल्या, तर ते कामचुकारपणाचे बोलणे समजू नका. आत्ता आपण पाहिले, त्यात शास्त्र आहे. हे आपल्या युनियनने मागायचे आहे, आणि आपल्यापैकी जे मुकादम, सुपरवायझर आहेत त्यांनी समजून घ्यायचे आहे.

शेवटी, या विषयाला कारण काय घडले ते सांगतो. आपल्या वस्तीतला एक तरुण ठेकेदाराकडे सेप्टिक टाक्या आणि गटारे उपसण्याच्या कामाला जातो. काही दिवसांपूर्वी तो मला म्हणाला, "काका, आता काळजी नाही. या वेळी चांगला एन-९५ दिलाय." त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते. मला रात्रभर झोप लागली नाही.

बंधू-भगिनींनो, मघाचे वाक्य आठवा. धूळ अडते, वायू अडत नाही. प्राणवायू मास्कमधून सुखाने आत येतो तो ज्या कारणाने, त्याच कारणाने गटारातला विषारी वायूही आत येतो. मैलापाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि तो वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. माणसाला वाटते, वास गेला, आता धोका नाही. तेवढ्यात तो कोसळतो. शिवाय बंद टाकीत प्राणवायूच कमी असू शकतो, आणि जो हवेत नाही तो कोणता मास्क आणून देणार? शिवाय तो तरुण आत उतरून शरीर घामाघूम होईपर्यंत उपसत असतो. म्हणजे मिनिटाला ८ लिटर नव्हे, कितीतरी पट हवा तो आत ओढत असतो, आणि तितक्याच पटीने विषही. वरून त्याला वाचवायला उतरलेला भाऊही तेथेच पडतो. अशा बातम्या आपण वाचतो, आणि त्यातली आडनावे बहुधा आपलीच असतात.

२०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यास आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात व सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास बंदी केली आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला १० लाख रुपये देण्यास सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही भरपाई ३० लाख केली. भरपाईची रक्कम वाढली याचा आनंद मानणारा मी नाही. गेलेला मुलगा ३० लाखांत परत येत नाही. हे काम यंत्राने झाले पाहिजे. ज्या आणीबाणीत माणूस उतरवावाच लागेल तेथे आधी हवेची तपासणी, बाहेरून हवा पुरवणारे उपकरण, कमरेला दोर आणि वर माणसे हवीत. त्या उपकरणाच्या जागी हातावर कापडी किंवा एन-९५ मास्क ठेवणारा ठेकेदार त्या मुलाचे संरक्षण करत नाही, त्याला फसवतो.

मी त्या तरुणाला घरी बोलावले. त्याच्या आईसमोर मच्छरदाणीचे उदाहरण देऊन हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे काका, मास्क लावल्यामुळे मी जास्त आत जात होतो." एवढ्या वाचनातून मला जे सांगता आले नाही ते त्याने एका वाक्यात सांगितले. पुढच्या महिन्यात त्याला दुसरे काम मिळवून देण्यासाठी आपल्या संस्थेतले काही जण प्रयत्न करत आहेत. आपल्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे, ही विनंती.

आनापानसती आपल्याला श्वासाकडे नीट पाहायला शिकवते. आपण आसनावर बसून ते पाहतो, हे चांगलेच आहे. परंतु डॉ. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला तो आसनावर संपत नाही. झाडणाऱ्या मावशीचा श्वास, धावणाऱ्या पोराचा श्वास, गटाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या भावाचा श्वास, हेही आपल्या ध्यानाचे विषय झाले पाहिजेत. मास्कला भिऊ नका, त्याच्यावर आंधळा भरवसाही ठेवू नका. तो काय अडवतो आणि काय अडवत नाही, हे घरोघरी सांगा.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम.